मावशीचा टेबलफॅन

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पुढे सुरतेला उतरून लिंबायत गाठलं, की पुन्हा आपली अहिराणी कानावर येते. यंदा मावशीकडे गेलो तर टेबलफॅन नुसता गुणगुणत होता. हातानं पातं ढकललं की फिरे. मावसभाऊ नवा आणायला निघाला. मावशी म्हणाली, "थांब."

2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापी त्यांच्या रांदेरच्या खोलीत शिरली. काकांनी तेव्हा गाळ धुऊन, उन्हात वाळवून हा पंखा पुन्हा चालू केला होता. काका आता नाहीत.

गल्लीतला मिस्त्री म्हणाला, मोटर ठीक आहे, कंडेन्सर गेलाय. सुरुवातीचा रेटा तोच देतो. 70 रुपयांत काम झालं. पैसे मावशीनं कनवटीचे काढून दिले, मला देऊ दिले नाहीत.