खर्जाची खरेदी

संगीतात काही सूर असे असतात की ते वाजत असताना कुणाच्या ध्यानात येत नाहीत, आणि थांबले की मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचे असे आहे. मैफलीहून परतताना तिची आठवण कुणी काढत नाही. पण ती उतरली तर गवई पुढे जायचे नाव घेत नाही.

आजच्या ऑर्केस्ट्रात ही खर्जाची चाकरी बास गिटारकडे असते. तार चार, मान लांब, आणि आवाज साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक खाली. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. म्हणजे कानाला जेमतेम ऐकू येणार आणि छातीला अधिक कळणार! पूर्वी हे काम पुरुषभर उंचीचे, उभे धरून वाजवायचे डबल बास करीत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने खांद्याला अडकवता येईल असे विजेचे बास गिटार बाजारात आणले आणि खर्ज एकदम सुटसुटीत झाला.

ही सारी विद्या मला भाच्याकडून मिळाली. माझे स्वतःचे पदार्थविज्ञान मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, आणि कादंबऱ्या लिहिताना त्यावाचून माझे अडलेही नाही. भाचा अकोल्यास एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. नवरात्रात गरब्याच्या रात्री, तुळशीचे लग्न लागले की लग्नाच्या रात्री. आज अकोला, उद्या मूर्तिजापूर, परवा अमरावती. जून २०२२ मध्ये याच वाटेवर लोणी ते माना यांदरम्यान एका मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. इतरांनी तो वर्तमानपत्रात वाचला. भाच्याला मात्र तो पहाटे गाडीत लागणाऱ्या झोपेवरून कळला.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर धाकट्या बहिणीचा फोन आला. भाच्याने नवरात्रात मिळवलेले सगळे पैसे एका यंत्रावर घालायचे ठरवले होते. तिच्या मनात त्या पैशांतून स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीची फी भरायची होती. ती म्हणाली, "दादा, तू मास्तर हायेस, त्याले समजावून सांग. ह्या डब्यानं पोट भरत नाई."

त्या डब्याचे खरे नाव मल्टी-इफेक्ट्स युनिट. पण घरात त्याचे नाव 'डबा' पडले ते पडलेच.

पुढे भाच्याकडून कळले ते असे. ऑर्केस्ट्राच्या मालकाने सुनावले होते, की कीबोर्डवाल्याचा डावा हात खर्ज सांभाळतो. मग बास गिटारवाल्याची एक बिदागी, एक जेवण आणि गाडीतली एक जागा कशाला? त्यातून भाच्याजवळ स्वतःचा अॅम्प्लिफायर नाही. तार सरळ मिक्सरमध्ये खोचायची, आणि मग आवाज येतो तो पत्र्यावर बोट आपटल्यासारखा. त्याची जागा राहायची तर त्याच्या खर्जाला अंग यायला हवे होते. शिकवणीची फी आणि हातातले काम यांत निवड करायची होती, आणि पंच म्हणून माझी नेमणूक झाली होती!

तो बसने अमरावतीला आला. दुकानात जाण्यापूर्वी मी मास्तरकीच्या सवयीने त्याला म्हटले, "पैसे बाहेर काढण्याआधी मला धडा समजावून सांग."

त्याने सांगितलेला धडा असा : या डब्यात अनेक उपकरणांचा संसार एकत्र नांदतो. कॉम्प्रेसर जोराचे आणि हलके ठोके एका पातळीला आणतो. डिस्टॉर्शन आवाज फाडतो, कोरस एकाचे अनेक आवाज झाल्याचा भास देतो, आणि अॅम्प मॉडेल मोठ्या अॅम्प्लिफायरची नक्कल करते. शिवाय तार जुळवायला ट्यूनर असतो. यांतली बहुतेक करामत साध्या गिटारीसाठी जन्मलेली. तिचा डबा बासला जोडला आणि आवाज फाडला, की वरचा खरखराट उरतो आणि खालचा सूर पातळ होतो. म्हणून बाससाठी वेगळा डबा घ्यायचा, आणि बदललेल्या आवाजात मूळ आवाज मिसळता येतो की नाही ते पाहायचे.

मी विचारले, "मग शंभर आवाज कशाला हवेत?"

"मामा, आवाज बदलाले नाई घेऊन रायलो मी. टिकवाले घेऊन रायलो."

दुकानात दोन डबे समोर आले. एक बॉसचा जीटी-१बी, पायाने दाबून आवाज चढवण्या-उतरवण्याच्या पेडलसह. दुसरा झूमचा बी१ फोर, बिनपेडलचा आणि किमतीने बराच खाली. दुकानदार सज्जन होता. त्याने एकेक चमत्कार काढून दाखवला. एका आवाजात तर खर्ज चक्क बेडकासारखा बोलला आणि मी हसलो.

भाचा हसला नाही. त्याने स्वतःचे गिटार नेले होते. दुकानातले चांगले गिटार डब्याचे दोष झाकते म्हणे. सगळे चमत्कार बंद करून त्याने जाड तार मोकळी वाजवली आणि सूर विरेपर्यंत कान दिला. मग एकट्या कॉम्प्रेसरसह, मग अॅम्प मॉडेलसह. एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये खंड पडतो का, अंधारात पायाला बटण सापडेल का, हे पाहिले. दोन्ही डबे चार पेन्सिल सेलवर चालतात याची त्याने खात्री करून घेतली, कारण जनरेटरवरच्या मांडवात वीज गुणगुणते आणि तीच गुणगुण अॅडॉप्टरमधून आवाजात शिरते. मिक्सरपर्यंतच्या लांब वायरीसाठी मध्ये डीआय नावाची डबी लागते, पण ती साउंडवाल्याकडे असतेच. अर्ध्या तासाने त्याने स्वस्तातला डबा उचलला. पेडल आपल्याला क्वचित लागेल, एवढेच म्हणाला.

त्या अर्ध्या तासात मला तानपुऱ्याची जवारी आठवत होती. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की मुकी तार झणकारू लागते, तिच्यातले दडलेले सूर वर येतात. मग त्या धाग्याला कुणी हात लावत नाही. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे कळायला अवघड नाही. धाग्याने तारेला नवा आवाज दिलेला नसतो. होता तोच फुलवलेला असतो.

बहिणीला मी फोनवर एवढेच सांगितले, की पोरगा पैसे उधळत नाही, पारखतो. आणि पारखणे हे कुठल्याही शिकवणीत शिकवत नाहीत. ती काही बोलली नाही.

कार्तिकी एकादशीला तिच्या भजनी मंडळात पेटी आणि तबल्यामागे भाचा डबा घेऊन बसला. कॉम्प्रेसरखेरीज सगळे बंद. बायांच्या आवाजाखाली तो एकेक सूर ठेवीत गेला. बास वाजतो आहे हे बहुतेकींच्या ध्यानातही आले नसावे. भजन आटोपल्यावर बहीण पेटीवालीला म्हणाली, "आज पेटी भरल्यावानी वाटली वो!" भाच्याने माझ्याकडे पाहिले. दोघेही गप्प राहिलो.

घरी आल्यावर तिने आपला निकाल दिला : डबा राहू दे, पण परीक्षेचा अर्जही भरायचा, शिकवणी नसली तरी पुस्तके आणि पहाट आहेच. त्याने मान्य केले. लग्नसराईत मालकाने त्याचे कौतुक केले नाही, तसे त्याला काढलेही नाही. 'उद्या ये' एवढा निरोप येत राहिला. अर्ज भरला आहे. निकालाचे काय व्हायचे ते होवो.

परवा अकोल्यास गेलो तर फराळाची यादी टेबलावर पडली होती. बेसन, साखर, तेल, खोबरे. आणि तळाशी बहिणीच्याच अक्षरात : 'डब्याचे सेल, चार.'