डबा भरलेलाच परत येतो

आज राजकारण नाही.

खालापूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मुलगा चौथीत आहे. मुंबईत एडीएचडीचं निदान झालं, मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू झाली. पोरगा वर्गात बसायला लागला, वही पूर्ण व्हायला लागली. पण डबा भरलेलाच परत. रात्री अकराला टक्क जागा. दोन महिन्यांत चड्डी कमरेवर थांबेना.

शेजारी म्हणाले, "ही नशेची गोळी." बहिणीने मला विचारलं. मी पत्रकार, सगळं कळतं ना! सांगून टाकलं, बंद कर. आठ दिवसांत शाळेतून पुन्हा बोलावणं.

मग लोकल पकडून परत डॉक्टरांकडे. ते रागावले नाहीत. भूक मरणं, झोप लांबणं, पोटदुखी, संध्याकाळची चिडचिड हे या औषधाचे नेहमीचे परिणाम, म्हणाले. डोस कमी केला. गोळी सकाळीच, पोटभर नाश्त्यासोबत. संध्याकाळी भूक परतली की नीट जेवण. वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघत राहायचं. अमली पदार्थांच्या कायद्यात हे औषध येतं हे खरं, म्हणून तर ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा: पहिल्या दोन महिन्यांत आम्ही पोराचं वजनच केलं नव्हतं.

अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत वजन होतं. पुढे शाळेत आरोग्य पथक येतं ते वर्षातून एकदा. मधे कोण बघणार? शाळेत एक वजनकाटा ठेवायला किती खर्च येतो हो?

सध्या बहीण त्याला दर रविवारी किराणावाल्याच्या धान्याच्या काट्यावर उभा करते. काल डब्यात अर्धीच भाकरी उरली होती.