बेगडाचं पान

माझ्या बायबलमध्ये तळहाताएवढं एक पुस्तक ठेवलेलं आहे. पाचच पानं, आणि त्यांत एकही अक्षर नाही. काळं, तांबडं, पांढरं, हिरवं, सोनेरी. चार पानं घोटीव कागदाची, खळीनं चिकटवलेली. सोनेरी मात्र बेगडाचं. शब्बाथ शाळेत सगळ्यांनी असं पुस्तक करायचं होतं. मी सात वर्षांची होते. घरात सोनेरी कागद नव्हता, म्हणून शेजारच्या काकूंनी गणपतीच्या मखरातून उरलेला तुकडा दिला. कोल्हापुरात आमची भिंतीला भिंत लागून घरं. त्यांची आरती आम्हाला पाठ, आमची नाताळची गाणी त्यांच्या मुलांना.

रविवारी बाईंनी रंग सांगितले. काळं म्हणजे पाप, तांबडं येशूचं रक्त, पांढरं धुतलेलं मन, हिरवं म्हणजे वाढ, सोनेरी म्हणजे स्वर्ग. मग त्या पुन्हा काळ्या पानावर आल्या. ज्यांनी येशूला स्वीकारलं नाही ते इथंच राहणार, म्हणाल्या, कायमचे, आगीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मैत्रिणीकडच्या एका पुस्तकात यमाची कढई पाहिली होती. ती उकळती कढई मी काळ्या पानात नेऊन ठेवली, आणि कढईत काकू. माझा स्वर्ग ज्यांच्या हातून आला होता, त्या काकू.

आणि एकट्या काकूच नाहीत. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले १८५२ साली. म्हणजे इथल्या जुन्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराच्याही काही पिढ्या मागं गेलं, की कुणी माळकरी भेटतो, कुणी अंबाबाईचा भक्त. आमचे खापरपणजोबा पंढरीची वारी करायचे. आमच्या मुलांना नरक शिकवायचा म्हणजे त्यात आपल्याच रक्ताची माणसं बसवायची. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्यांच्या लहानग्या दत्तूला कुणी हे रंग दाखवले असते, तर त्यानं आपल्या आईला कुठल्या पानावर शोधलं असतं?

आज्जी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. सकाळी तिला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बाळ, मी कितीजणांचे डोळे मिटवलेत. कुणाचा आत्मा कुठं गेला, मला कधी दिसलं नाही. देवाला दिसतं. ही भाकरी गरम आहे तवर काकूंना देऊन ये."

या पुस्तकाची गोष्ट मला फार उशिरा कळली. १८६६ च्या जानेवारीत लंडनमध्ये स्पर्जन या उपदेशकानं त्यावर प्रवचन दिलं. तेव्हा पानं तीनच होती: काळं, तांबडं, पांढरं. एक वृद्ध पाळक ती वरचेवर उघडून बघायचे, असं त्यानं सांगितलं. काळं पान बघायचे ते स्वतःचं पाप आठवायला. सोनेरी पान १८७५ मध्ये अमेरिकन उपदेशक मूडी यांनी जोडलं. हे वाचलं त्या दुपारी मी पुस्तक हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. काळं पान धरणाऱ्याचं स्वतःचं होतं. त्यात शेजाऱ्यांना बसवलं ते आपण.

वीस वर्षं मीच शब्बाथ शाळेचा लहान वर्ग घेते. काळं पान मी गाळत नाही. प्रभू स्वतः नरकाबद्दल बोलला आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण पाच वर्षांच्या मुलापुढं मी आग पेटवत नाही. थोड्या मोठ्यांना लाजराची गोष्ट सांगते. त्यातला श्रीमंत माणूस यातनेत पडतो. त्याच्याच दाराशी भुकेला लाजर पडून होता, एवढंच गोष्टीत दिसतं. तो कोणत्या देवळात जायचा, हे तिथं कुणी विचारत नाही. मग मुलांना म्हणते, तुमच्या दाराशी कोण आहे ते सांगा. कचरा गोळा करायला येणाऱ्या मावशी, भाजीवाले मामा, नावं येत राहतात.

काकू जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. ती करावी की नाही, हे मी कोणत्याही पाळकांना विचारलेलं नाही.

यंदा माझ्या नातीच्या वर्गाचं पुस्तक करायचं होतं. दुकानातून पाची रंगांचे कागद आणले होते, तरी तिला माझ्यासारखंच सोनेरी पान हवं होतं. गणपतीचे दिवस. म्हटलं, शेजारी जा, काकूंच्या सुनेला विचार. ती परत आली तेव्हा मुठीत बेगड होतं आणि तोंडात अख्खा मोदक.