प्रेअरीवरील विटांची शाळा

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात बिअॅट्रिस गावाजवळ होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तेथे येणारे बहुतेक प्रवासी डॅनिएल फ्रीमन यांची जमीन पाहावयास येतात. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास किरकोळ शुल्कात १६० एकर मिळू लागले, आणि कायदा अमलात आला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, फ्रीमन यांनी अर्ज नोंदविला. (ही भूमी पूर्वी ओटो-मिसुरिया या मूळ रहिवाशांची होती, हे विसरता येत नाही.) परंतु पाहण्यासारखी खरी वास्तू म्हणजे जवळच उभी असलेली, १८७२ साली बांधलेली लाल विटांची फ्रीमन शाळा.

खोली एकच. पहिलीपासून आठवीपर्यंतची सारी मुले तिच्यात बसत आणि सर्वांना मिळून एकच शिक्षक असे. झाडांविना पसरलेल्या त्या माळरानावर कित्येक वसाहतवाले गवताळ मातीच्या ढेकळांची घरे बांधून राहत. तशा काळात शाळेसाठी पक्क्या विटा लावल्या गेल्या. मतदानही याच खोलीत होई.

आयुष्यभर बँकेतील खतावण्या पाहिलेल्या माझ्यासारख्याला तेथील शाळांच्या अर्थव्यवस्थेचे विशेष अप्रूप वाटते. जमिनीची मोजणी होताना प्रत्येक छत्तीस चौरस मैलांच्या विभागातील सोळावा आणि छत्तिसावा तुकडा, म्हणजे १,२८० एकर, नेब्रास्कात शाळांसाठी राखून ठेवला गेला. विक्रीचा पैसा कायम निधीत जमा व्हावा आणि खर्च केवळ उत्पन्नातून व्हावा, असा दंडक होता. मुद्दलास हात न लावण्याचे हे शहाणपण आपल्या पेढ्यांना नवे नाही.

शाळेची कीर्ती मात्र एका खटल्याने झाली. शिक्षिका ईडिथ बीचर वर्गात बायबल वाचीत, प्रार्थना व भजने म्हणवून घेत. करातून चालणाऱ्या शाळेत हे नको, असे फ्रीमन यांनी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही. शाळा मंडळाने शिक्षिकेचीच बाजू घेतली. मंडळ म्हणजे शेजारीपाजारीच! ज्यांच्याशी रोजचा व्यवहार, त्यांच्याविरुद्ध वयाच्या सत्तरीत न्यायालयात जाणे सोपे नव्हते. जिल्हा न्यायालयात ते हरले. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांच्या बाजूने निकाल दिला : हा प्रकार म्हणजे विशिष्ट पंथाची उपासना असून राज्यघटनेस तो मान्य नाही. पुढील वर्षी न्यायालयाने खुलासाही केला, की बायबल हा ग्रंथ शाळेतून हद्दपार केलेला नाही; आक्षेप आहे तो उपासनेस. हा विवेक मला निकालाइतकाच मोलाचा वाटतो.

संपूर्ण देशासाठी असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला. तेव्हाही फ्रीमन शाळेत वर्ग भरत होता. तो १९६७ मध्ये बंद झाला.