दारातला मांडव

बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ला सुरू झाली. अकरा किलोमीटरचा रस्ता, वर थंड हवा, अर्ध्या तासात बेलापूर. पेठपाड्याच्या पुढे खिडकीतून जे टॉवर दिसतात, त्यांच्या पायाखाली ओवे-पेठपाडा-मुर्बीची भातशेती होती, हे शेजारी बसलेल्या मुलांना सांगूनही पटत नाही. आणि का पटावं? त्यांनी तिथे राब भाजलेला पाहिला नाही, की पहिल्या पावसानंतर रोपांनी धरलेला तो कोवळा हिरवा रंग पाहिला नाही.

आमच्या लहानपणी पावसाळ्यात गावाबाहेर पडणं म्हणजे चिखल तुडवणं होतं. तळोज्यापर्यंत चालायचं, दिवा-पनवेल गाडीची वाट बघायची. ती चुकली की पनवेलचं काम दुसऱ्या दिवसावर. रात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणात अडली, तर माणसं हतबल होऊन बसायची. विहिरीचं पाणी बायकांच्या डोक्यावरून घरात यायचं. त्या दिवसांना सोनेरी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. ते दिवस आमच्या आयांच्या पाठीवर उभे होते.

नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले जे साडेबारा टक्के विकसित भूखंड आज आम्ही हक्काने मोजतो, ते कुणी आपणहून दिले नाहीत. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या भूखंडांवर घरं उठली, मुलं शिकली, दारात गाडी आली. २०१६च्या ऑक्टोबरात पनवेल महापालिका झाली आणि ओवे तिच्यात गेलं. शेत गेल्याचं दुःख करताना हे सगळं आम्ही विसरू शकत नाही.

तरी एक गोष्ट गेली तिचं वाईट वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. ती म्हणजे दारातला मांडव.

लग्न ठरलं की गावातून माणसं आपसूक येत. कुणी बांबू आणी, कुणी झावळ्या. टोप आणि परात शेजारून मागून आणत. उंबराची फांदी वाजतगाजत आणली जाई. आणि हळदीच्या दिवशी धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी धवलारीण येई. आगरी लग्नाचे विधी तिच्या गळ्यातून पुढे सरकत. मांडवाला एक धवला, चुलीला एक, हळद दळताना एक, नवरा-नवरीच्या अंगाला ती लागताना आणखी एक. ती देवांना बोलवी, गावदेवीला बोलवी, घरातल्या गेलेल्या माणसांनाही बोलवी. तिच्या हातात पोथी नसे. सगळं आईकडून, सासूकडून ऐकून पाठ झालेलं. मागे बायका सूर धरत, आणि त्या सुरात कितीतरी वेळा दळणाऱ्या हातांचा दमही ऐकू येई. तिला कुणी पंडिता म्हटलं नाही, पण तिच्याशिवाय हळद लागत नसे. त्या रात्री कुणाच्याच घरात चूल पेटत नसे. सगळं गाव मांडवातच जेवायचं.

आता हॉल असतो. केटरर असतो, म्हणून घरातल्या बायका नीट साडी नेसून खुर्चीत बसू शकतात. हे फार चांगलं झालं. हळदीला डीजे असतो, आगरी गाण्यांवर पोरं पहाटेपर्यंत नाचतात, आणि ती आमचीच गाणी आहेत, त्यांचा अभिमानच वाटतो. प्रवेशद्वारावर फ्लेक्स, आत एलईडीचा पडदा. खर्चाचा आकडा ऐकून मात्र पोटात गोळा येतो. कर्ज काढून लग्न करणं तेव्हाही होतं. त्या कर्जापायी शेत सावकाराकडे गहाण पडायचं. आता भूखंड विकला जातो. जमीन तेव्हाही लग्नात जायची, आताही जाते. फरक इतकाच की तेव्हा टोप मागायला शेजारच्या दारात जावं लागे, आणि त्या जाण्यात भांडणं मिटत. हॉलमध्ये भांडलेली घरं वेगवेगळ्या टेबलांवर जेवून निघून जातात.

धवलारीण अजून काही घरांत येते. तिला एखाद्या कोपऱ्यात बसवतात, दोन धवले होतात, तिसऱ्याला साउंड चेक सुरू होतो. तिच्या मुलीला ते येत नाहीत, सुनेला शिकायला वेळ नाही. मोबाइलवर कुणी रेकॉर्ड करतं, पण अर्धं, आणि मागे ढोलाचा आवाज.

येत्या मोसमात ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: हॉल घ्या, डीजेही बोलवा. फक्त तो एक तास उशिरा लावा, आणि त्या तासाचा माईक धवलारणीसमोर ठेवा. नातीला तिच्याजवळ बसवा, म्हणजे सूर धरायला कुणीतरी असेल.