सुरतेचे जेवण आणि पोटातला गोळा

'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण गुजरातेत सर्वतोमुखी आहे. जळगावहून तापीच्या खोऱ्यातून येणारी गाडी उधन्याला थांबली, तेव्हा माझ्या मनात तीच घोळत होती. जवळच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात; त्यांतच माझा भाचा.

सकाळी गरम लोचो पुढे आला. वर तेल, शेव आणि कांदा. यजमानाने मात्र बशीला हात लावला नाही.

"तुम्ही घ्या, मामा. माझे पोट कधी धावते, कधी तीन-तीन दिवस हलत नाही. कळा येतात. तपासण्यांत काही निघत नाही, म्हणून घरात म्हणतात, मनाचे खेळ आहेत."

"कधीपासून?"

"रात्रपाळी लागल्यापासून."

सुरतेचे माग रात्रंदिवस चालतात. बारा-बारा तासांची पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, झोप मोडते. आणि घराच्या हप्त्याची चिंता दोन्ही पाळ्यांत जागीच असते.

या दुखण्यास डॉक्टर 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' म्हणतात. चिडखोर आतडे म्हणा ना! आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे असते व मेंदूशी त्याचे दळणवळण अखंड चालते. चिंता वाढली की आतड्याची चाल बिघडते, साधा वायूही कळ होऊन जाणवतो. ती कळ पुन्हा चिंता वाढविते. तपासणीत जखम दिसली नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. भीतीने पोटात गोळा येतो, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे.

उपाय साधे, पण नेमाचे आहेत : ठराविक वेळी जेवण, पुरती झोप, रोजचे चालणे, चहा व तेलकट-तिखटाला आवर, आणि मनातले बोलून टाकणे. मानसोपचारानेही अनेकांना उतार पडतो. मात्र शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, दुखण्याने झोपेतून जाग येणे, किंवा पन्नाशीनंतर तक्रार नव्याने सुरू होणे, ही लक्षणे असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

संध्याकाळी आम्ही तापीकाठी हिंडलो. खानदेशातून आलेले तेच पाणी पाहत भाचा प्रथमच हप्त्यांविषयी मोकळेपणाने बोलला.

निघताना मी एवढेच म्हणालो, "सूनबाई, याला 'मनाचे खेळ' म्हणू नका. पाळी कोणतीही असो, एक वेळचे जेवण तरी दोघे मिळून ठरल्या वेळी जेवा."