मस्कत ते सूर, न थांबता



तुमचाही आठवड्याचा एक ठरलेला रस्ता असेल. माझा मस्कत ते सूर. सोमवारी पहाटे जायचं, बुधवारी संध्याकाळी परत. एका बाजूला साधारण दोनशे किलोमीटर. सूरला एका क्लायंटचं काम आहे. मी सीए, त्यामुळे रस्त्याचाही हिशेब पाठ. कुरियात मागे पडलं की थोड्या वेळात समुद्र डाव्या हाताला, तिवीचा पूल आला की पाऊण तासात सूर. लोक विमानाचं तिकीट काढून ज्या जागा बघायला येतात, त्या सगळ्या याच रस्त्यावर आहेत. अडीच वर्षांत मी एकदाही थांबले नव्हते. जाताना मीटिंग, येताना घरी लेक वाट बघतेय म्हणून घाई.

बारावीची परीक्षा संपली आणि लेक म्हणाली, "आई, या वेळी मी पण येते." जूननंतर ती पुण्याला, हॉस्टेलवर. म्हटलं, चल. बुधवारी अर्धी रजा टाकली.

सूरमध्ये आधी लाकडी जहाजांचा कारखाना बघितला. इथल्या जहाजांसाठी पिढ्यानपिढ्या साग आपल्या देशातून यायचा. पुढे कलहात. एके काळी मोठं बंदर. मार्को पोलो आणि इब्न बतूता दोघांनीही त्याबद्दल लिहिलंय. पोर्तुगीजांनी 1508 मध्ये ते लुटून जाळलं. 2018 पासून जागतिक वारसा आहे, पण उभी इमारत म्हणाल तर बीबी मरियमची कबर, तेवढीच. इथून अरबी घोडे जहाजात भरून हिंदुस्थानात जायचे. बहमनी राज्यात असे घोडे दाभोळ-चौलच्या बंदरांतून उतरायचे, हे मी सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे इथून घोडे गेले, तिकडून साग आला, आणि मग तू आलीस."

तिवीला वादी शाबच्या तोंडाशी एक रियाल देऊन होडीनं पलीकडे गेलो. आत कुंडांपर्यंत पाऊण तास चालावं लागतं, तेवढा वेळ नव्हता. (जाणार असाल तर सकाळी जा, पकड असलेले बूट घाला, आणि डोंगरावर ढग दिसले तर आत शिरू नका. वादीला पूर क्षणात येतो.)

शेवटी बिम्माचं कुंड. चुनखडीची जमीन खाली खचून झालेला खड्डा, तळाशी हिरवं-निळं पाणी. इथले लोक म्हणतात तारा पडला. पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसलो. बारीक मासे पायांना चावत होते.

"आई, हॉस्टेलवर विचारतील ना, तू कुठली? काय सांगू?"

"पुण्याची."

"मी पुण्यात एकूण किती दिवस राहिलेय? मोज ना, तूच सीए आहेस."

मोजले. सतरा उन्हाळे, दर वेळी तीन आठवडे. जेमतेम एक वर्ष. बाकी सगळं मस्कतमध्ये. आणि इथला तिचा व्हिसा आमच्या नोकरीला बांधलेला, ती सुटली की तोही सुटला. हे दोन आकडे एका ताळेबंदात जुळत नाहीत. मी गप्प बसले.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "सांगेन, समुद्राच्या रस्त्यावरची. आई दर आठवड्याला जायची तिथली." आणि मग लगेच, "पण तू मला इतक्या उशिरा का आणलंस?"

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपण मुलांना दर वर्षी शनिवारवाडा दाखवतो, सिंहगडावर नेतो, आणि ती वाढतात तो गाव मात्र खिडकीतून निघून जातो.

तुमचं मूल अजून आठवी-नववीत असेल तर एकदा त्याला तुमच्या रस्त्यावर गाडीत घ्या. सुट्टी लागेपर्यंत थांबू नका.

या सोमवारी मी फिन्सच्या किनाऱ्यावर दहा मिनिटं थांबले. लेकीला फोटो पाठवला. ऑफिसला उशीर झाला, कोणी विचारलंसुद्धा नाही.